घड्याळं जमवायला सुरुवात करताय? मग कमी बजेटमध्ये पहिली तीन-चार अशी निवडा

घड्याळांचा नाद लागला की सुरुवातीला माणूस एकाच तऱ्हेचं घड्याळ सगळीकडे बघत बसतो. काळी डायल, काचेभोवती फिरणारी कडी म्हणजे बेझल, स्टीलचा पट्टा. मग ते घेतो, आणि दुसरं घ्यायची वेळ आली की परत तसलंच, फक्त डायल निळी. थोड्या महिन्यांनी डबा उघडावा तर आत सगळी सख्खी भावंडं, आणि त्यातलं हातात एकच जातं, बाकीची नुसती पडून. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगेन की सुरुवातीची तीन-चार घड्याळं स्वस्त असू देत आणि एकमेकांपेक्षा जमतील तेवढी वेगळी असू देत, कारण आपल्याला नक्की काय आवडतं हे फोटो आणि व्हिडिओ बघून कळतच नाही, ते मनगटावर दोन-तीन आठवडे वागवल्यावर कळतं. मोठी डायल आवडते असं वाटणारे कितीतरी लोक शेवटी छत्तीस-सदतीस मिलिमीटरवर येऊन थांबतात. हे महागात शिकण्यापेक्षा स्वस्तात शिकलेलं बरं.

वेगळी म्हणजे रंगाने वेगळी नाही हां. आतलं मशीन वेगळं, साइझ वेगळी, वापरायची जागा वेगळी. माझ्या मते एक डिजिटल, एक ऑटोमॅटिक आणि एक काट्यांचं क्वार्ट्झ (सेलवर चालणारं) किंवा सोलर (प्रकाशावर चालणारं), एवढं आधी होऊ द्या, मग काय ते ठरवा.

डिजिटलपासून सुरुवात करा म्हटलं की काही लोक नाक मुरडतात. मुरडू देत. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ मध्ये आलं आणि अजूनही जवळपास तसंच्या तसं मिळतं, वजन २१ ग्रॅम, सेल साधारण सात वर्षं, आणि महिन्याला फार तर तीस सेकंद इकडेतिकडे. आता हा महिन्याला तीस सेकंदांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे ऑटोमॅटिकचा आकडा ऐकल्यावर लागेल. हे घड्याळ घातलंय हेच विसरायला होतं, आणि एकदा ही सवय लागली की पुढचं प्रत्येक घड्याळ तुम्ही नकळत त्याच्याशी ताडून बघता, हाच त्याचा खरा उपयोग. दिवा मात्र नावापुरता आहे, डाव्या बाजूला एक हिरवा ठिपका पेटतो आणि उजवीकडचे आकडे अंधारातच राहतात. याच्या नकला भरपूर निघतात, तर उजवीकडचं एकमेव बटण तीन-चार सेकंद दाबून धरा, स्क्रीनवर कॅसिओचं नाव उमटलं पाहिजे. नाही उमटलं तर नकली समजा. उमटलं म्हणून शंभर टक्के खरं असंही नाही, पण पहिली चाळणी तरी होते.

याच घराण्यात थोडं वरचं हवं असेल तर एई-१२०० बघा, जगातल्या शहरांच्या वेळा, छोटा नकाशा, दहा वर्षांचा सेल आणि पाण्यासाठी १०० मीटरचा आकडा (त्याचा खरा अर्थ पुढे येतोच). आणि दणकट हवं असेल तर चौकोनी जी-शॉक, डीडब्ल्यू-५६००. कॅसिओचे इंजिनिअर किकुओ इबे यांनी दहा मीटरवरून पडलं तरी चालेल, दहा बार पाण्याचा दाब सोसेल आणि सेल दहा वर्षं टिकेल असं घड्याळ करायचं ठरवलं आणि १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक आलं, डीडब्ल्यू-५६०० चा चेहरा थेट त्याच्यावरून आलेला. फोटोत ते मोठं आणि ओबडधोबड वाटतं, हातात घेतल्यावर बऱ्यापैकी आटोपशीर निघतं. बाकीची ढीगभर जी-शॉक्स खरंच मोठी असतात, तिथे जरा जपून.

आता ऑटोमॅटिक. बहुतेकांना नाद लागतो तो इथेच, आणि इथेच सगळ्यात जास्त अपेक्षाभंगही होतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑटोमॅटिकमध्ये सेल नसतो. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. काढून ठेवलं तर स्वस्त मशीन्स साधारण चाळीस तास चालतात आणि थांबतात, म्हणजे शनिवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी दुपारपर्यंत बंद. मग परत वेळ लावा, तारीख लावा, वार लावा. ज्यांना हे आवडतं त्यांना फार आवडतं, ज्यांना कटकट वाटते त्यांनी वेळेवर सावध व्हावं आणि तीन ऑटोमॅटिक घेऊन बसू नये. आणि अचूकता. सेको जे एनएच३५ नावाचं मशीन इतर कंपन्यांना विकते त्याचा अधिकृत आकडा आहे दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद. दिवसाला! प्रत्यक्षात बहुतेक पीसेस याच्यापेक्षा बरेच नीट चालतात पण रोज पंधरा सेकंद पुढे जाणारं घड्याळ म्हणजे बिघडलेलं घड्याळ नाही, एवढं मनाशी पक्कं करून मगच पैसे द्या. क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, स्वस्त ऑटोमॅटिकमधलं चक्र सेकंदाला सहा ठोके देतं. दोघांची बरोबरी होणारच नाही. पण त्या सहा ठोक्यांमुळेच सेकंद काटा टकटक न करता सरकत जातो, आणि तेच बघत बसण्यासाठी आपण हे घेतो ना.

पहिलं ऑटोमॅटिक कोणतं, तर सेको ५ हे नाव सगळे घेतात आणि उगाच घेत नाहीत. १९६३ पासूनचं घराणं आहे, ऑटोमॅटिक, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चारच्या आकड्याजवळ आत दबलेली चावी (वेळ लावायची बाजूची खुंटी) आणि दणकट केस (घड्याळाची बाहेरची पेटी) व पट्टा अशा पाच गोष्टींवरून ते ५. यात एक फरक मात्र नीट समजून घ्या. जुन्या मॉडेल्समध्ये ७एस२६ मशीन असायचं, त्याला हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबत नाही, बंद पडलं की हलवूनच जागं करायचं. २०१९ नंतरच्या सेको ५ स्पोर्ट्समध्ये ४आर३६ आलं, त्यात दोन्ही जमतं. मला स्वतःला जुन्याचं काही वावडं नाही, सदतीस मिलिमीटरचं एसएनके८०९ हे अजूनही माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात समंजस घड्याळांपैकी एक आहे, फक्त ते आता बंद झालेलं मॉडेल आहे आणि बंद झालं की मागणारे वाढतात, भाव चढतो, आणि मग ते समंजस राहत नाही. चढ्या भावात घेऊ नका, सरळ नवीन काहीतरी बघा.

ओरिएंटही बघा, बाम्बिनो हे ड्रेस घड्याळ आणि माको हे पाण्यातलं. हाताने चावी, थांबणारा सेकंद काटा, सगळं असतं, पण आधीच्या पिढीच्या बाम्बिनोत आणि माकोत हे नव्हतं, म्हणून सेकंडहँड किंवा जुना स्टॉक घेताना विचारा. आणि जरा हटके हवं असेल तर रशियाचं वोस्तोक अँफिबिया. १९६७ पासूनची रचना, २०० मीटर, काच म्हणजे जाड अॅक्रिलिक. याची चावी उघडली की लुळी पडल्यासारखी हलते, नवीन माणूस घाबरतो आणि परत पाठवतो. ती मुद्दामच तशी केलेली आहे, चावीला धक्का बसला तर तो आतल्या दांड्यापर्यंत पोचू नये म्हणून.

एक सोपा नियम: विकणारा आतल्या मशीनचं नाव सांगत नसेल तर पुढे जा. एनएच३५, मियोटा ८२१५, ४आर३६ असं काहीतरी लिहिलेलं हवं. नुसतं जपानी मूव्हमेंट, म्हणजे जपानी मशीन, एवढंच लिहिलेलं असतं तिथे बऱ्याचदा सांगण्यासारखं काही नसतं. कपड्यांच्या आणि पर्फ्युमच्या ब्रँडची घड्याळं असतात ना, त्यात तर अगदी साधं क्वार्ट्झ मशीन मोठ्या केसमध्ये बसवलेलं असतं आणि पैसे नावाचे. ते घालायला आवडत असेल तर घाला की, पण जमवायचं म्हणून घेऊ नका, विकायला गेलात तर कोणी विचारत नाही.

तिसरं, काट्यांचं क्वार्ट्झ. रोज उचललं, घातलं, निघालो असं घड्याळ एक तरी पाहिजेच. टायमेक्सची वीकेंडर आणि एक्स्पीडिशन ही साधी, वाचायला सोपी आणि पूर्ण डायल उजळणारा दिवा असलेली, तो इंडिग्लो १९९२ पासून आहे. टिकटिक मात्र चांगलीच ऐकू येते, उशाजवळ ठेवून झोपणाऱ्यांनी आधी कानाला लावून बघावं. बजेट थोडं ताणता येत असेल तर सिटिझनचं इको-ड्राइव्ह घ्या, प्रकाशावर चालतं, दर दोन वर्षांनी सेल बदलायची भानगड नाही. ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवू नका एवढंच, अधूनमधून खिडकीत ठेवा. सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर ते बिघडलं नाही, भूक लागलीय असं सांगतंय, उजेडात ठेवा. काट्यांचं क्वार्ट्झ दुकानात हातात घेतलंत तर एक मिनिट सेकंद काट्याकडे बघत राहा, तो रेघांवर बरोबर पडतो का दोन रेघांच्या मध्ये. स्वस्तात थोडं इकडेतिकडे असतंच, पण काहींना एकदा दिसलं की मग तेवढंच दिसत राहतं, तुम्ही त्यातले असाल तर घरी आणण्याआधी बघितलेलं बरं.

आता साइझ, कारण ऑनलाइन घेतलेली बहुतेक घड्याळं याच कारणाने परत जातात. सगळे केसचा व्यास बघतात, ४० का ४२. त्यापेक्षा महत्त्वाचं माप म्हणजे लग टू लग, पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी. ४२ मिलिमीटरचं घड्याळ लग आखूड आणि खाली वळलेले असतील तर छान बसतं, आणि ३९ चं लांब सरळ लगवालं मनगटाच्या बाहेर डोकावतं. करायचं काय, तर कागदाची पट्टी घ्या, त्या घड्याळाच्या लग टू लग एवढी कापा, आणि मनगटाच्या वरच्या सपाट भागावर आडवी ठेवा. पट्टीची टोकं कडेला येऊन खाली वळायला लागली किंवा बाहेर गेली तर घड्याळ मोठं आहे, संपलं. मनगटाचा घेर मोजून उपयोग कमी, कारण सारख्याच घेराचं एक मनगट सपाट असतं आणि एक गोल. जाडीही बघा, शर्टाच्या बाहीत जायचं असेल तर दहा-अकरापर्यंत ठीक, स्वस्त ऑटोमॅटिक मात्र सहज बारा-तेरा भरतात. आणि घातल्यावर मोबाइलने जवळून फोटो काढून ठरवू नका, जवळच्या फोटोत प्रत्येक घड्याळ परातीएवढं दिसतं. आरशात बघा, लांबून, पूर्ण हातासकट.

पाण्याचा आकडा हा दुसरा गोंधळ. ३० मीटर लिहिलंय म्हणजे तीस मीटर खोल जाता येतं असा अर्थ कोणीही सरळ माणूस काढेल, आणि चुकेल. ती चाचणी स्थिर दाबाची असते, नव्या घड्याळाची, नव्या रबर रिंगसकट. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील, ५० म्हणजे त्याहून थोडं निर्धास्त, पोहायचं तर १०० पासून पुढे. डायलवर डायव्हर्स असं लिहून २०० मीटर असेल तर ते आयएसओ ६४२५ या डायव्हिंग घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेलं असायला हवं, त्यात एकूण एक घड्याळ तपासावं लागतं. नुसतं २०० मीटर लिहिलेलं असेल तर तसं बंधन नाही, पण पोहायला ते भरपूर झालं. कॅसिओचं मासा छापलेलं ड्युरो, एमडीव्ही-१०६, त्यातलंच, आणि पैशाच्या मानाने ते घड्याळ म्हणजे कमाल आहे, फक्त ४४ मिलिमीटर, कागदाची पट्टी आधी. गरम पाण्याच्या शॉवरखाली मात्र कुठलंच घालू नका, उष्णता आणि साबण रबर रिंग खातात. आणि स्क्रूची चावी असेल तर ती घट्ट फिरवलीय ना हे पाण्यात जायच्या आधी बोटाने बघायचं.

काचेबद्दल थोडक्यात. अॅक्रिलिकवर ओरखडे लगेच पडतात पण पॉलिशच्या ट्यूबने घरी घासून निघतात. मिनरल काच ओरखडे कमी घेते पण घेतलेले जात नाहीत. सफायर जवळजवळ ओरखडत नाही, कारण कठीणपणाच्या मोह्ज मोजपट्टीवर वाळूतल्या गारगोटीचा आकडा ७ आणि सफायरचा ९, रोजच्या धुळीत त्याला ओरखडेल असं काही नसतंच. मात्र जोरात आपटली तर तडकू शकते. स्वस्तात सफायर मिळत असेल तर छानच, पण केवळ सफायर आहे म्हणून न आवडलेलं घड्याळ घेऊ नये.

पट्ट्यावर लोक फार कमी विचार करतात आणि इथेच सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त मजा आहे. दोन लगांमधलं अंतर १८, २० किंवा २२ असेल असंच घड्याळ सुरुवातीला घ्या, या मापांचे पट्टे ढिगाने मिळतात, १९ आणि २१ मध्ये शोधाशोध होते. पहिली दोन-तीन घड्याळं एकाच मापाची असतील तर पट्टे आलटून पालटून लावता येतात, एक चामड्याचा, एक नायलॉनचा, एक रबरी, झालं. स्वस्त घड्याळासोबत आलेला स्टीलचा पट्टा बऱ्याचदा पोकळ आणि खुळखुळणारा असतो, तो काढून नायलॉनचा लावला की तेच घड्याळ एकदम वेगळं वाटतं. पट्ट्याची पिन काढायचं छोटं हत्यार मिळतं ते घ्या, चाकूच्या टोकाने केलंत तर लगवर कायमचे ओरखडे. काढताना केसवर चिकटपट्टी लावून घेतली तर अजून उत्तम.

सेकंडहँडमध्ये चांगली खरेदी होऊ शकते पण डोळे उघडे ठेवून. सेकोचंच उदाहरण घेऊ कारण सेकंडहँड बाजारात ती भरपूर दिसतात. मागच्या झाकणाचा स्पष्ट फोटो मागा. तिथे ७एस२६-००२० असा चार-चार आकड्यांचा नंबर असतो, त्यातले पहिले चार म्हणजे मशीन. डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, बारीक अक्षरात असाच नंबर असतो, त्याचे पहिले चार झाकणावरच्या पहिल्या चारांशी जुळले पाहिजेत. न जुळले किंवा तिथे काहीच छापलेलं नसेल तर डायल बदललेली किंवा परत रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. शिवाय झाकणावर सहा आकड्यांचा सिरियल नंबर असतो, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरसाठी ओ, एन, डी. म्हणजे ९३ ने सुरू होणारा नंबर हा ९ वर संपणाऱ्या वर्षातला मार्च. वर्ष कुठलं दशक ते मॉडेलवरून काढायचं. विकणारा म्हणतोय एक आणि नंबर सांगतोय दुसरं, तर नमस्कार करून निघा. आणि जुन्या घड्याळाची डायल फारच झळझळीत, रंग फारच भडक, अक्षरं जराशी जाड, असं असेल तर ती नव्याने रंगवलेलीच धरा. तशी घड्याळं दिसायला छान असतात, फक्त ओरिजिनलच्या भावात घेऊ नका.

प्रसिद्ध महागड्या घड्याळासारखं दिसणारं पण स्वतःचं नाव लावणारं, ज्याला होमाज म्हणतात, ते घ्यावं का यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर एखादं घ्या, त्या आकाराचं घड्याळ आपल्याला शोभतं का ते स्वस्तात कळतं. दुसऱ्याचं नाव छापलेली नक्कल मात्र नको, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. स्वस्त क्रोनोग्राफपासूनही, म्हणजे छोट्या डायल्सवाल्या स्टॉपवॉच घड्याळापासूनही, सुरुवातीला लांब राहा, कारण एकदम स्वस्त घड्याळात छोट्या डायल्स कधी कधी नुसत्या छापलेल्या असतात, आणि खऱ्या असल्या तरी डायलवर गर्दी इतकी की वेळ वाचायला दोनदा बघावं लागतं.

खर्च धरताना फक्त घड्याळाची किंमत धरू नका. क्वार्ट्झला सेल लागतो, तो सिल्व्हर ऑक्साइडचा टाका, स्वस्त अल्कलाइन लवकर उतरतो आणि गळण्याची भीती जास्त. ऑटोमॅटिकला काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, पण स्वस्त मशीनचं सर्व्हिसिंग करण्यापेक्षा अख्खं मशीन नवीन बसवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, एनएच३५ वगैरे सुटं मिळतंच, म्हणून नेहमीच्या मशीनचं घड्याळ घेण्यात फायदा आहे. स्वॉचचं सिस्टेम५१ मला गमतीचं घड्याळ म्हणून फार आवडतं, ५१ भाग, ९० तास चालतं, पण ते बंदिस्त आहे, उघडून दुरुस्त होत नाही, हे माहीत असून घ्या. आणि ऑटोमॅटिक एकदम दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर लगेच दुरुस्तीला टाकू नका, बहुतेक वेळा चुंबक लागलेलं असतं, स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण कशानेही. चुंबक काढायचं छोटं यंत्र स्वस्तात येतं, दोन सेकंदांचं काम. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख चावीने बदलायची नाही, त्या वेळी आतली चाकं तारीख ढकलायच्या तयारीत असतात आणि दात मोडू शकतो. आधी काटे फिरवून सहावर आणा, मग तारीख.

तीन झाली की थांबा. चौथं घेण्याआधी बघा की तिन्हीतलं खरंच जास्त घातलं गेलं कोणतं, आणि का. हलकं म्हणून? वेळ पटकन दिसते म्हणून? का नुसता त्याचा पट्टा मऊ आहे म्हणून? तसं असेल तर चौथं घड्याळ नको, बाकीच्या दोघांना मऊ पट्टे आणा. जे अजिबात घातलं जात नाही ते विकून टाका किंवा घरात कोणाला आवडलं तर देऊन टाका, आणि ते पैसे पुढच्यात घाला. विकायचं म्हणाल तर खोका, वॉरंटी कार्ड आणि पट्टा छोटा करताना काढलेल्या कड्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात घालून वर मॉडेलचं नाव लिहून ठेवा. कड्या नसलेला स्टीलचा पट्टा बारीक मनगटाच्या माणसालाच चालतो, बाकीचे गिऱ्हाईक भाव पाडतात नाहीतर घेतच नाहीत.